फातोर्ड्याहून परतताना गाडीत होणारं भांडण

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे सहा जण एफसी गोवा या फुटबॉल संघाचे पाठीराखे. सामना असला की गाडी काढून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जातो. कोच बदलणार अशी कुजबुज सुरू झाली की परतताना पत्रादेवी यायच्या आत गाडीत तीन पक्ष पडतात. एकाला स्पॅनिशच कोच हवा. दुसरा म्हणतो, ‘आपलो माणूस व्हयो’, म्हणजे गोव्यातलाच. तिसऱ्याला ब्राझीलच्या झिकोसारखं मोठं नाव पाहिजे. गाडी मी चालवतो, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही. तुमचं काय मत? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुम्हाला विचारत नाहीत हे बरंच आहे, नाहीतर गाडी बांद्याला पोचायची नाही.

मोठ्या नावाचं आधी उरकून टाकतो. झिको २०१४ ते २०१६ असे तीन मोसम गोव्याचे कोच होते. २०१५ची आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल घरच्याच मैदानावर, नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-१ पुढे, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईयिनने ३-२ करून कप नेला. पुढच्या वर्षी तोच झिको, तेच नाव, आणि गोवा गुणतक्त्यात तळाला. नावाला तिकिटं खपतात, चेंडू काही हलत नाही. झिको खेळाडू म्हणून माझाही देव आहे, तेव्हा रागावू नका.

आता स्पॅनिश. या पक्षाचं सगळं म्हणणं खरं तर एका माणसावर उभं आहे, सर्जिओ लोबेरा. २०१७ला ते आले आणि गोवा बघण्यासारखा खेळायला लागला. कोरोमिनासचे गोल सगळ्यांना आठवतात. मला मात्र तेव्हाही जाहूकडे बघत बसायची सवय होती. बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू मागणारा, अंगावर दोघे आले तरी तिसऱ्याला पास देणारा मोरोक्कोचा माणूस. तो चुकला की अख्खा संघ उघडा पडायचा, आणि तरीही त्याला तसंच खेळायची मुभा होती.

मग ३१ जानेवारी २०२०. साखळीतले तीन सामने उरलेले, गोवा अव्वल, आणि लोबेरांना नारळ. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडांनी उरलेले तिन्ही सामने जिंकून दिले, शेवटचा जमशेदपूरला ५-० असा. साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळते ती शील्ड आली, आशियाई चॅम्पियन्स लीगचं दार उघडलं. तुमच्या गाडीतला ‘आपलो माणूस’वाला तेव्हापासून छाती काढून बसत असेल. पण त्याला विचारा, त्या तीन सामन्यांत मैदानावर कोण होतं? जाहू, फाल, बूमूस, मंदार राव देसाई. सगळं लोबेरांनी बसवलेलं घर. त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि हे चौघेही त्यांच्या मागोमाग गेले.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यातच झाला, रिकाम्या स्टेडियममध्ये. सेमीफायनलला मुंबईने गोव्याला बांबोळीत पेनल्टीवर काढलं. १३ मार्च २०२१ला फायनल फातोर्ड्यात, बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल, आणि कप लोबेरांच्या हातात. गोंयकार मंदार तिथेच उभा, अंगात मुंबईचा निळा शर्ट. मी घरी टीव्हीपुढे होतो, मुंबईचाच आहे, टाळ्या वाजवल्या. पण घास गिळताना काटा लागावा तसं झालं.

एवढ्यावर भागलं नाही. लोबेरांनंतर आलेले स्पॅनिश कोच फेरांडो डिसेंबर २०२१मध्ये भर मोसमात मोहन बागानला गेले आणि २०२३ला त्यांनीही कप जिंकला. कुठे? फातोर्ड्यातच! तुमच्या स्टेडियमने तुमच्याच दोन माजी कोचांना दुसऱ्यांचे कप उचलताना पाहिलंय.

स्पॅनिश असणं पुरेसं नाही हेही तुम्ही पाहिलंत. कार्लोस पेन्या स्पॅनिश, शिवाय गोव्याकडून खेळलेला, म्हणजे दोन्ही पक्षांचा जावई. त्याच्या हाताखाली गोवा सातवा आला आणि प्लेऑफ हुकलं. मग मानोलो मार्केझ आले आणि २०२५ला सुपर कप ही वेगळी स्पर्धा जिंकली. दोघांचा देश एक, पण एकाचं जमलं आणि दुसऱ्याचं नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात मी एका कचेरीच्या संघात राइट हाफ होतो. मुंबईचा फुटबॉल तेव्हा भर पावसात चालायचा. आमच्याकडे बाहेरून एक ट्रेनर आला, मोठा जाणकार. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, गोलकीपरने लाथ घालायची नाही, चेंडू हाताने स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, द्यायचा आणि तिथून खेळ बांधायचा. मे महिन्यात कोरड्या मैदानावर आम्ही काय सुंदर खेळलो! जुलैत कूपरेजवर गोलच्या तोंडाशी घोटाभर चिखल. कीपरने चेंडू सोडला, तो तीन फुटांवर डबक्यात बसला आणि जागच्या जागी फिरत राहिला. आमचा स्टॉपर एक पाय पुढे करून त्याची वाट बघत उभा. समोरचा फॉरवर्ड मात्र वाट बघत नव्हता. असे तीन गोल खाल्ले. ऑगस्टमध्ये ट्रेनर गेला. मैदान वाळल्यावर आम्ही त्याच पद्धतीने बरे खेळायला लागलो, पण तोवर श्रेय घ्यायला दुसरा माणूस आला होता. तो काठावरून फक्त ‘मार बाहेर!’ ओरडायचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की गाडीत कोचचं नाव घ्यायला आठवडाभर बंदी घाला. त्याऐवजी प्रत्येकाने सांगायचं, आपला कीपर चेंडू कुणाला देणार आणि तो कुणाला. आहे त्या संघात ही दोन नावं सांगता आली, तर तसं खेळवणारा कोच शोधता येतो. नाही आली, तर परदेशी खेळाडू निवडायचा हक्क कोचला मिळणार का, हे आधी विचारायचं. लोबेरांकडे त्यांची माणसं होती. ते पुढे ओडिशाला गेले, तिथेही जाहू आणि फाल हजर!

आणि ‘आपलो माणूस’चं म्हणाल, तर मी त्याच पक्षाचा, फक्त रागावलेला. गोव्याने गोव्याच्या माणसाला बोलावलं ते घराला आग लागल्यावर बादली घेऊन. मिरांडा आले जानेवारीच्या शेवटी. डेरिक परेरा आले फेरांडो निघून गेल्यावर, डिसेंबरात, आणि नवव्या नंबरचा ठपका त्यांच्या माथी बसला. मिरांडांनी २०२३ला ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी म्हणूनच. या लोकांना एकदा तरी मोसमाच्या आधी, खेळाडू निवडायच्या वेळी खुर्ची द्या. तेवढं होणार असेल तर माझं मत गोंयकाराला. होणार नसेल तर मात्र स्पॅनिश आणा, कारण आतला बराचसा सांगाडा त्याच पद्धतीचा आहे आणि नव्या माणसाला तो मोडावा लागणार नाही.

प्रश्न : इंग्लंडमध्ये कुणाला मॅनेजर म्हणतात, कुणाला हेड कोच. दोन्ही एकच ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : जवळजवळ. मॅनेजर म्हणजे जुन्या घरातला कर्ता, खरेदीसुद्धा त्याच्या शब्दाने. हेड कोचने आलेल्या सामानात स्वयंपाक करायचा. लिव्हरपूलमध्ये क्लॉप मॅनेजर होते, २०२४ला आलेल्या स्लॉटना हेड कोच म्हटलं. क्लॉप जाणार म्हटल्यावर तिथल्या लोकांना शाबी आलोन्सो हवा होता. तो जर्मनीत लेव्हरकुसेनलाच राहिला आणि आला नेदरलँड्सचा स्लॉट. पहिल्या मोसमात मैदानात उतरणारा नवा खेळाडू मिळाला जेमतेम एक, किएसा, आणि तोही बहुतेक वेळ बाकावर. तरी लीग जिंकली. क्लॉपने सामान चांगलं भरून ठेवलं होतं, हेही खरं. आपल्याकडे आयएसएलमध्ये सगळे हेड कोचच.

प्रश्न : काका, भारताचा कोच व्हायला बार्सिलोनावाल्या झावीने खरंच अर्ज केला होता का? मी आठवीत आहे. मीपण करू का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे बाळा. जुलै २०२५मध्ये तशी बातमी सगळीकडे झळकली. नंतर महासंघानेच सांगितलं की झावीच्या आणि ग्वार्डिओलाच्या नावाने आलेले मेल बनावट होते. एकूण १७० अर्ज होते, त्यातून तीन नावं निवडली आणि १ ऑगस्टला खालिद जमीलला नेमलं. हा खालिद म्हणजे मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळणारा. नंतर त्याने मिझोरामच्या ऐझॉलला २०१७ची आय-लीग जिंकून दिली, तेव्हा कुठे देशाने मान वळवून पाहिलं.

तू अर्ज कर, पण आधी लायसन्स लागतं. डीपासून सुरुवात, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. तोवर एक काम कर. तुझ्या शाळेच्या संघात लेफ्ट बॅक कोण खेळतो, आणि त्याला डाव्या पायाने मारता येतं का, ते मला पुढच्या पत्रात कळव.