मालवणला स्कूबा केलंय, तर जुलैत कॅलिफोर्नियात मॉन्टरेला तसंच किनाऱ्यावरून डायव्हिंग जमेल का?
तसंच नाही जमणार, आधी गाइडबरोबर स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावरच तरंगत पोहणं) करा. मालवणला इन्स्ट्रक्टर धरून फिरवतो तो ट्राय डाइव्ह, म्हणजे सर्टिफिकेटशिवायची नुसती चव, त्यावर इकडे नेहमीच्या डाइव्हला घेत नाहीत. मी मॉन्टरेच्या सॅन कार्लोस बीचवरून दोनदा उतरलोय, बोटबीट काही नाही, वाळूवरून चालतच आत जायचं आणि पाणी जुलैतही १२-१५ डिग्री, त्यामुळे ७ एमएम जाडीचा रबरी वेटसूट, हूड, ग्लोव्हज सगळं चढवावं लागतं (त्यातच अर्धा दम जातो). केल्प म्हणजे ते लांबलचक समुद्री शेवाळ पायात अडकलं तर लाथा झाडू नका, हाताने बाजूला करत सरका. सील जवळ आला तरी हात लावायचा नाही, कायद्यानेच मनाई आहे. फक्त मोठ्या लाटा असल्या की ट्रिप रद्द होते, म्हणून एक दिवस जादा ठेवा.