आधी फोटोओळ, मग फोटो

लढाऊ विमानांच्या छायाचित्र-संदर्भपुस्तकांबद्दल बरेच प्रश्न साठले होते. त्यातले पाच या वेळी घेतो.

प्रश्न : पहिलंच पुस्तक घेतोय. दोनशे विमानांचा जाडजूड कोश घेऊ की एकाच विमानावरचं पातळ पुस्तक?

पातळ. कोशात एका विमानाच्या वाट्याला जेमतेम एक पान येतं आणि त्यावर बहुधा ढगांवरून तिरकं वळतानाचा फोटो असतो. दिसायला झकास, पण त्यातून हाती काही लागत नाही. मनापासून आवडणारं एक विमान निवडा. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ सोडा आणि थेट चाकांच्या खोबणीचे फोटो काढा. आतल्या नळ्या, वायरींचे जुडगे, तेलाचे ओघळ सुटे सुटे दिसले पाहिजेत. तिथं नुसता काळोख छापला असेल तर पुस्तक खाली ठेवा.

मग दोन-चार फोटोओळी वाचा. ‘आकाशाचा राजा मिग-२१’ ही फोटोओळ नव्हे, जाहिरात झाली. उपप्रकार कोणता, शेपटीवरचा क्रमांक काय, फोटो कधी आणि कुठे काढला, हे हवं. मिग-२१ एफ-१३ या उपप्रकाराची कॅनपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, समोरच्या काचेसकट पुढच्या बाजूला उघडते, पीएफएम या उपप्रकाराची काच जागेवरच राहते आणि कॅनपी बाजूला कलते. फोटोओळ नीट असेल तर असा फरक पहिल्याच दिवशी लक्षात येतो. नसेल तर वर्षानुवर्षं दोन्ही विमानं एकच वाटत राहतात.

प्रश्न : १:४८ प्रमाणात एफ-१६चं मॉडेल करतोय. दोन पुस्तकांत पोटाखालचं हवेचं तोंड वेगळं दिसतं. चूक कोणाची?

बहुतेक कोणाचीच नाही. एफ-१६ला दोन कंपन्यांची इंजिनं येतात. ब्लॉक म्हणजे उत्पादनातली आवृत्ती. ब्लॉक ३०, ४० आणि ५० यांना जनरल इलेक्ट्रिकचं, ३२, ४२ आणि ५२ यांना प्रॅट अँड व्हिटनीचं. पहिल्याला हवा जास्त लागते म्हणून तोंड रुंद केलं, त्यालाच शौकीन ‘बिग माउथ’ म्हणतात. नॉझलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडाच्या, पाकळ्यांची ठेवणही इंजिनागणिक बदलते. गोम अशी की ब्लॉक ३०च्या सुरुवातीच्या विमानांना जुनंच अरुंद तोंड होतं, त्यामुळे नुसत्या ब्लॉक क्रमांकावर विसंबून चालत नाही. आधीच्या एफ-१६एमध्येही अशी मेख आहे : ब्लॉक १५पासून आडवं शेपूट मोठं झालं.

म्हणून आधी एकच खरं विमान ठरवा, तेही शेपटीवरच्या क्रमांकासकट, आणि मग त्याचेच फोटो जमवा. अमेरिकन हवाई दलाच्या शेपटीवर ‘एएफ’ या अक्षरांपाशी दिसणारे दोन आकडे विमान ज्या आर्थिक वर्षात मागवलं त्याचे असतात. ते बांधल्याचं साल समजू नका. मी एकदा रुंद तोंडामागे भलत्याच इंजिनाचं नॉझल चिकटवून मोकळा झालो होतो. ते मॉडेल अजून कपाटात आहे, भिंतीकडे शेपूट करून.

प्रश्न : जमिनीवर उभ्या हॅरियर विमानाच्या फोटोत इनटेकमागच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडामागच्या) वरच्या झडपा उघड्या आणि खालच्या बंद. मोडलंय का काही?

काही मोडलेलं नाही. त्या झडपा आतल्या बाजूला उघडतात. इंजिन बंद असलं की वरच्या आपल्याच वजनाने आत पडतात आणि खालच्या मिटतात. उभं विमान आणि उडतं विमान या दोन वेगळ्या अवस्था आहेत. उडतं मॉडेल करायचं असेल तर जमिनीवरचे फोटो जपून वापरा.

प्रश्न : एकाच फँटम विमानाचा करडा-हिरवा रंग दोन पुस्तकांत वेगळा. कुठला खरा मानू?

डोळ्यांनी ठरवू नका. मूळ फिल्म, तिचं वय, त्या दिवसाचं ऊन, स्कॅन, छपाईची शाई, एवढ्या हातांतून रंग तुमच्यापर्यंत येतो. जुन्या एक्टाक्रोम फिल्मच्या स्लाइड कालांतराने गुलाबी-जांभळट होतात. कोडाक्रोम फिल्म अंधारात ठेवली असेल तर चांगली टिकते. त्याच फोटोत ओळखीची वस्तू शोधा. धावपट्टीचं काँक्रीट गुलाबी दिसतंय? मग विमानाचा करडाही तेवढाच बिघडलेला आहे.

पुस्तकात एफएस ५९५ या अमेरिकन मानकाचे आकडे असतील तर त्यांच्यावर भिस्त ठेवा. पहिला आकडा चकाकीचा : १ म्हणजे चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा रंगगटाचा, त्यात ४ हिरवा आणि ६ करडा. व्हिएतनाम काळातल्या फँटमच्या पाठीवरचे दोन हिरवे ३४०७९ आणि ३४१०२, मातकट रंग ३०२१९. अर्थात हे कोऱ्या रंगाचे आकडे. दोन उन्हाळे खाल्लेलं विमान फिकटच दिसणार.

प्रश्न : १९८०च्या दशकातलं एक पुस्तक मिळालंय. सोव्हिएत विमानांची चित्रं साफ चुकीची आहेत. रद्दीत देऊ?

मुळीच नाही! अशी पुस्तकं मी मुद्दाम हुडकतो. पाश्चात्त्य लेखकांकडे तेव्हा उपग्रहाची धूसर चित्रं आणि तर्क, एवढंच भांडवल होतं. नवं विमान मॉस्कोजवळच्या रामेन्स्कोये चाचणी तळावर दिसलं की त्याला ‘रॅम’ आणि एक अक्षर असं तात्पुरतं नाव मिळे. मिग-२९ आधी ‘रॅम-एल’ होतं. जुलै १९८६मध्ये मिग-२९ची तुकडी फिनलंडच्या कुओपिओला पाहुणी म्हणून गेली आणि जवळून काढलेले स्वच्छ फोटो बाहेर आले. मिग-२५चंही तेच. ते टायटॅनियमचं असावं असा बोलबाला होता. ६ सप्टेंबर १९७६ला सोव्हिएत वैमानिक बेलेन्को ते घेऊन जपानच्या हाकोदातेला उतरला, तेव्हा कळलं की सांगाडा बहुतांशी निकेलयुक्त पोलादाचा आहे.

अमेरिकन विमानांचीही गत निराळी नव्हती. १९८६मध्ये गुप्त स्टेल्थ विमानाचं (रडारला सहज न दिसणाऱ्या) ‘एफ-१९’ नावाचं अंदाजाने केलेलं गुळगुळीत, गोलसर मॉडेल बाजारात आलं. नोव्हेंबर १९८८मध्ये खऱ्या स्टेल्थ विमानाचा, एफ-११७चा, पहिला अधिकृत फोटो आला तेव्हा विमान निघालं सगळं सपाट पैलूंचं. तो फोटोही इतका पुसट आणि अशा कोनातून काढलेला की पंख खरोखर किती मागे झुकलेत याचा अनेकांचा अंदाज चुकला.

तेव्हा तुमच्या पुस्तकाचं प्रकाशनवर्ष पाहा, मिग-२९चं पान उघडा आणि शेजारी आजचा फोटो ठेवा. फक्त त्या पानावरून मॉडेल करायला घेऊ नका.