हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलावत नाहीत, पण अपमानाचा हेतू नसतो. मग आक्षेप कशाला?

हेतू नसला तरी अपमान होतोच, कारण कुंकवाचा अर्थ ते लावणारीच्या मनात ठरत नाही. ते कुणाला लावलं आणि कुणाला वगळलं, यातून ठरतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटलं जातं. ‘येऊ नकोस’ असं कुणी म्हणत नाही, फक्त शेजारणीकडे गेलेलं आमंत्रण तिच्या दारी जात नाही. बाईचा मान नवऱ्याच्या हयातीवर आहे, हे असं दरवर्षी न बोलता सांगितलं जातं. विधुराच्या कपाळाकडे मात्र कुणी पाहत नाही. अशा प्रथांचा जोर एवढा, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्यासाठी ठराव करावा लागला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. सगळीकडे असंच चालतं असं नाही; आता काही ठिकाणी सगळ्याच बायकांना बोलावतात, आणि ते फार चांगलं आहे. पण बोलावून तिच्या हातात नुसतं वाण ठेवलं आणि कुंकवाची कोयरी पुढच्या बाईकडे नेली, तर तिला ते घरी बसण्यापेक्षा जास्त लागतं.