असईचा डाव दहाच्या आत

प्रश्न : जालन्यात आम्ही सहाजण दर शनिवारी रात्री टेबलावर बोटभर सैनिक मांडून जुन्या लढाया खेळतो. सध्या २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई घेतली आहे. पण मांडामांडीतच नऊ वाजतात आणि डाव अर्धवट राहतो. काय करावे?

उत्तर : यजमानाने नदीचे निळे कापड आणि शिंदे-भोसल्यांची फौज संध्याकाळीच मांडून ठेवावी. डाव इंग्रज सेनापती वेलस्लीने केळणा नदी ओलांडल्यानंतरच सुरू करावा. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत म्हणजे तेथे उतार (नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा) असणारच, हा त्याचा तर्क खरा ठरला होता, त्यामुळे तो भाग फाशांवर सोडण्यात मौज नाही. घोडदळ थोडे कमी केले तरी चालेल, मात्र मराठ्यांच्या तोफांना हात लावू नये, कारण इंग्रजांची मोठी हानी त्यांनीच केली. आणि चहा खिडकीत ठेवावा. आमच्या टेबलावर एकदा केळणेला चहाचाच पूर आला होता.