स्क्रीनवरच्या मैत्रिणी आणि शेजारचं बंद दार

प्रश्न : आम्ही दीड वर्षापूर्वी परळहून कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला आलो. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळालेला आहे. नवरा नोकरी करतो, मुलगा दुसरीत आहे. माझं वय ३६, शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचलेलं सगळं समजतं, ईमेलही लिहिते. पण समोर माणूस उभा राहिला की तोंडातून वाक्य फुटत नाही. म्हणून भाषा शिकण्याच्या एका ॲपवर बोलायला लागले. तिथे ब्राझीलची एक आणि व्हिएतनामची एक, अशा दोन मैत्रिणी मिळाल्या. आम्ही तासतासभर इंग्रजीत बोलतो. मुलाला ताप आला तेव्हा पहिली विचारपूस त्यांनीच केली. पण इथल्या शेजारणीचं नावही मला माहीत नाही. नवरा म्हणतो, ‘फोनमधली माणसं म्हणजे मैत्री नव्हे, बाहेर पड.’ दादरला सासूबाईंचंही तेच म्हणणं. बाहेर गेले की नवरा चारचौघांत माझं इंग्रजी सुधारतो, मुलगा उच्चारांना हसतो. ब्राझीलची मैत्रीण उन्हाळ्यात टोरांटोला येणार आहे, भेटू या म्हणते. भेटावं का? की हे सगळं बंद करून आधी इथल्या माणसांत मिसळायला शिकावं?

उत्तर : दोघींपैकी एकीलाही सोडू नका. मुलाला ताप आल्यावर जी विचारपूस करते ती मैत्रीणच. ती साओ पाउलोत बसली आहे की शेजारच्या घरात, यावरून तिची माया खरी की खोटी हे ठरत नाही.

तरीही तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी टाळणार नाही. शाळेच्या फॉर्मवर आई-वडिलांशिवाय आणखी एका माणसाचं नाव आणि फोन नंबर मागतात, काही अडचण आली तर बोलावण्यासाठी. तुमच्या फॉर्मवर त्या जागी कोणाचं नाव आहे? यजमान कामावर, तुम्ही डॉक्टरकडे अडकलेल्या आणि शाळा सुटलेली, अशा वेळी मुलाला घरी आणणारं माणूस दहा मिनिटांच्या अंतरावर लागतं. परदेशात लहान मूल घेऊन राहणाऱ्या प्रत्येक घराला असं एक तरी माणूस हवं. ते ॲपवर मिळणार नाही.

आता ॲपवर तुमची जीभ सुटते आणि दारात का अडते, ते पाहू. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधीची तुमची पिढी एबीसीडी पाचवीत शिकली, आणि पुढे दहावीपर्यंत कस लागला तो लिहिण्याचा. बोलायचं कोणाशी, हा प्रश्न परळ-लालबागमध्ये कधी पडलाच नाही. तेव्हा तुम्हाला इंग्रजी येत नाही हे खरं नाही. मोठ्याने बोलायची सवय नाही, एवढंच. ॲपवरची मैत्रीणही शिकाऊ. ती थांबते, तुम्ही थांबता, शब्द अडला तर दोघी मिळून शोधता. कोणी घाईत नसतं. अशा ठिकाणी भीती गळून पडते आणि जीभ चालू लागते. हा फायदा लहान नाही. इतका वेळ आणि इतका धीर तुम्हाला कोणत्याही क्लासने दिला नसता.

पण दोन शिकाऊ माणसं एकमेकींशी बोलतात तेव्हा दोघींचा वेग सारखा आणि पुष्कळदा चुकाही सारख्याच. शाळेच्या ऑफिसातून फोन येतो तो भराभर बोलणाऱ्या माणसाचा. पार्कात तिघी आया एकाच वेळी बोलतात, अर्धं वाक्य गिळतात, आणि विषय असतो बर्फाचा, हॉकीचा किंवा कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येणार याचा. हे कानावर पडल्याशिवाय अंगवळणी पडत नाही आणि ते तिथेच पडणार, मिसिसागात.

‘बाहेर पड’ हा सल्ला मात्र मला अपुरा वाटतो. बाहेर पडून जायचं कुठे? मॉलमध्ये हजार माणसं दिसतात, ओळख एकाशीही होत नाही. तुम्ही परळच्या, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. चाळीतल्या मैत्रिणी कोणी ठरवून केलेल्या नसतात. एकच गॅलरी, एकच जिना, पाण्याची एकच वेळ. दिवसातून चार वेळा तोच चेहरा समोर यायचा आणि वर्षभरात ती घरची होऊन जायची. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं होती, तिथल्या मैत्रीचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हेच निघालं : ज्यांची घरं जिन्याजवळ, टपालपेट्यांजवळ होती, त्यांच्या ओळखी जास्त झाल्या. स्वभाव बोलका की अबोल, याआधी येण्याजाण्याची वाट महत्त्वाची ठरली. लोकलच्या लेडीज डब्यातले ग्रुपही असेच जमतात. रोज तीच गाडी, तोच डबा. कोणी भाजी निवडतं, कोणी डुलकी काढतं, आणि संक्रांतीच्या सुमारास त्याच डब्यात हळदीकुंकू होतं. इंग्रजी चांगलं असलेली तुमची एखादी मैत्रीणही कॅनडात एकटी असू शकते, कारण तिथल्या उपनगरात माणूस गॅरेजमधून गाडीत बसतो आणि ऑफिसात उतरतो. वाटेत कोणी भेटतच नाही.

म्हणून अशी एक जागा निवडा, जिथे दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं येतात. पाच जागा नकोत, एकच. पीआर असल्याने लिंक नावाचा कॅनडा सरकारचा इंग्रजीचा वर्ग तुम्हाला मोफत आहे. १९९२ पासून तो चालतो. आधी भाषेची चाचणी होते आणि सीएलबी, म्हणजे कॅनडातल्या भाषामापनाची, पातळी पाहून वर्ग मिळतो. नागरिकत्व घेतलं की या वर्गाचा दरवाजा बंद होतो, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ करू नका. वर्ग नको असेल तर सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा. तिथल्या कितीतरी ग्रंथालयांत नवख्या लोकांसाठी इंग्रजी गप्पांची कॉन्व्हर्सेशन सर्कल भरतात. परीक्षा नाही, फी नाही. गोल करून बसायचं आणि बोलायचं. समोरची बाई इराणची असेल, युक्रेनची असेल, तुमच्यासारखीच दीड वर्षापूर्वी आलेली. ॲपवर जो धीर मिळतो तोच इथे मिळतो, फरक इतकाच की ही मैत्रीण बसने तुमच्या घरी येऊ शकते. माझ्या मते तुमच्यासाठी सुरुवात इथूनच व्हावी.

हा स्तंभ इतर देशांतूनही वाचला जातो, म्हणून थोडक्यात : ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणारा सरकारी कार्यक्रम १९४८ पासून आहे, आणि ५१० तासांची जुनी मर्यादा २०२१ मध्ये काढून टाकली. ती सवलत प्रत्येक व्हिसाला मिळत नाही, तेवढं तपासून घ्या. इंग्लंडमध्ये पार्करन मला फार आवडतं. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झालं. दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, फुकट. धावायलाच हवं असं नाही, चाललं तरी चालतं, आणि स्वयंसेवक म्हणून उभं राहिलं तर दर आठवड्याला तेच चेहरे भेटतात. अमेरिकेत ग्रंथालयांची अशीच इंग्रजी गप्पांची वर्तुळं शोधा.

आता धीराबद्दल. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती वेळ लागतो, याचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९०, आणि जिवाभावाची व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला दीड तास बसलात तर पहिल्या टप्प्यालाच आठ महिने लागतील. चार वेळा जाऊन ‘कोणी जवळचं वाटत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या कितीतरी जणी मला लिहितात. चार वेळांचे झाले सहा तास, त्यात काय होणार? हॉल यांना असंही दिसलं की नुसतं एकत्र काम केल्याचे तास तितकेसे कामी येत नाहीत. रिकाम्या गप्पांचे येतात. म्हणून वर्ग सुटला की लगेच बस पकडू नका. दहा मिनिटं रेंगाळा. कोणी ‘कधीतरी कॉफीला जाऊ’ म्हणालं तर ते तिथे पुष्कळदा निरोप घेण्यापुरतं असतं. दिवस आणि जागा तुम्हीच सुचवा. ‘गुरुवारी साडेनऊला, शाळेसमोरच्या टिम हॉर्टन्समध्ये?’ एवढं वाक्य पुरे, आणि ते तुम्हाला येतं.

शाळेचं फाटक तर तुम्हाला आयतंच मिळालेलं आहे. रोज तीच वेळ, त्याच आया. मुलाच्या एका मित्राला घरी खेळायला बोलावलंत की त्याची आई आपोआप दारात येते. तिच्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. मुलांचं खाणं, झोप, दात, शिक्षिका. एक काळजी मात्र जरूर घ्या. खाऊ करण्याआधी शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते विचारा. साबुदाण्याची खिचडी, चिक्की, कूट घातलेली कोशिंबीर, आपल्याला ते सहज वाटतं. तुमच्या ऑन्टारियो प्रांतात मात्र अशा तीव्र ॲलर्जीपासून शाळकरी मुलांना जपण्यासाठी २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तुम्ही आधी विचारलंत तर त्या आईच्या मनात तुमच्याबद्दल जो विश्वास बसेल, तो अस्खलित इंग्रजीनेही बसला नसता.

टोरांटोत मराठी मंडळी आहेतच. गणपतीला जा, दिवाळीला जा, त्या माणसांचा आधार फार मोठा असतो. फक्त तिथे जाऊन इंग्रजीची धास्ती कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे आपण मराठीत सुखावतो आणि घरी येतो.

ॲपवरच्या मैत्रिणींना या कामात सामील करून घ्या. उद्या फाटकापाशी काय बोलायचं, शाळेला फोन कसा करायचा, हे त्यांच्यासमोर आदल्या रात्री म्हणून पाहा. एकीला शाळेची क्लार्क होऊ द्या आणि मुद्दाम भराभर बोलायला सांगा. घडलेला प्रसंग दुसऱ्या दिवशी त्यांना इंग्रजीत सांगा. अडकलेलं वाक्य तेव्हा सुटतं, आणि पुढच्या वेळी फाटकापाशी उपयोगी पडतं. त्यांनाही इंग्रजी बोलायचा सराव हवाच आहे, त्यामुळे हा आधार दोन्ही बाजूंनी चालेल.

ॲपवर नव्या ओळखी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. दोन दिवसांत ॲप सोडून व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर यायचा आग्रह, व्हिडिओ कॉलला टाळाटाळ, फार लवकर आलेले प्रेमाचे शब्द, आणि मग क्रिप्टोत किंवा कुठल्याशा ‘खात्रीच्या’ गुंतवणुकीत पैसे घालायची गोष्ट, हा क्रम दिसला की तिथेच तोडा. भाषा सुधारून देणाऱ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा कॅनडा सरकारचा क्रमांक), पीआर कार्डाचा फोटो, बँकेचा तपशील कोणालाही देऊ नका. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. बँकेला, पोलिसांना आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला लगेच कळवा. मुंबईत सासूबाईंना असा कोणाचा फोन आला तर त्यांच्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आहे, तो त्यांच्या फोनमध्ये साठवून द्या.

आता दोन शब्द तुमच्या यजमानांसाठी; हा भाग त्यांना वाचून दाखवा. दादा, बायको चारचौघांत बोलत असताना तिचं वाक्य मध्येच दुरुस्त करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण दुरुस्त झालेलं ते एक वाक्य तिला पुढची दहा वाक्यं गिळायला लावतं. समोरच्याला अर्थ कळला ना? मग गप्प राहा. तिने विचारलं तर घरी सांगा. आणि आठवड्यातला तो दीड तास मुलाला तुम्ही सांभाळा, म्हणजे ‘बाहेर पड’ या तुमच्या सल्ल्याला काही अर्थ राहील. मुलाचं हसणं थांबवणंही तुमच्याच हातात आहे. आईला किती भाषा येतात, ते त्याच्यासमोर मोजा : मराठी, हिंदी आणि इंग्रजी. आपण हसलो की आई बोलायची थांबते, हे सात वर्षांच्या मुलाला नीट सांगितलं तर कळतं. बाबा सुधारतात म्हणून तो हसतो. बाबा थांबले की तोही थांबेल.

सुरुवात थंडीच्या आधी करा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार पडतो, आणि मग नवीन ठिकाणी पहिल्यांदा जायला कोणाचाच पाय निघत नाही. आधीपासून ओळखीचे चार चेहरे असले तर बर्फातही माणूस जातो. घड्याळ मागे गेलं की मुंबईशी अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांचं होतं, तेव्हा सासूबाईंच्या फोनची वेळही आताच ठरवून टाका; तो फोन आणि तुमचं वर्तुळ एकाच वेळी येऊ देऊ नका.

आणि ब्राझीलच्या मैत्रिणीला जरूर भेटा. आजवर व्हिडिओवर बोलला नसाल तर भेटीआधी एकदा तरी बोला. दिवसा भेटा, गर्दीच्या ठिकाणी. घरी पत्ता आणि वेळ सांगून जा, आणि पहिल्या भेटीला तिला घरी उतरवून घेऊ नका. मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेन थेट टोरांटोच्या युनियन स्टेशनला जाते, ते तिलाही सापडायला सोपं. तिथून सेंट लॉरेन्स मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोमवार तेवढा टाळा, त्या दिवशी ते बंद असतं.