भरिताला बोलावलं नाही म्हणून राजीनामा?

चि. सरपंचास, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी जागाच होतो. या वयात झोपेचा आणि कापसाच्या भावाचा काही भरवसा नाही. चार ओळींत तू सगळं लिहिलंस. पाणीपट्टी वाढवली, पाणी ओढायला नळाला लावलेल्या मोटारी काढून आणल्या, तेव्हापासून गाव फिरलं. ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी राजीनामा मागतो. आणि यंदा एकाही मळ्यात भरीत-पार्टीला बोलावणं आलं नाही. खाली विचारलंस, "नाना, देऊन टाकू का?"

भरिताचं वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. पौषाच्या थंडीत आपल्याकडे खानदेशात ज्याला कोणी भरिताला बोलावत नाही, त्याची लोकप्रियता मोजायला वेगळी पाहणी लागत नाही.

पण तुला एक आठवण करून देतो. जुलै 2022. श्रीलंकेत, कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरले होते, पोरं त्यांच्या तलावात पोहत होती. तो व्हिडिओ तूच मला पाठवलास आणि खाली लिहिलंस, "लोकांना नको असेल तर बाजूला व्हायचं, त्यात एवढं अवघड काय?" तेव्हा तू सरपंच नव्हतास. आता खुर्चीवर बसून तेच वाक्य पुन्हा वाच.

अमेरिकेच्या दोन अध्यक्षांचे आकडे सांगतो. गॅलप नावाची संस्था तिथे वर्षानुवर्षं लोकांना विचारते, अध्यक्षाचं काम पसंत आहे का? फेब्रुवारी 1952 मध्ये हॅरी ट्रुमन यांच्याबद्दल 'हो' म्हणणारे 22 टक्के उरले होते. ऑगस्ट 1974 मध्ये रिचर्ड निक्सन यांच्याबद्दल 24 टक्के. नुसत्या आकड्यावर जायचं तर ट्रुमन यांनी आधी घरी जायला हवं होतं.

ट्रुमन गेले नाहीत. कोरियाचं युद्ध अडकलं होतं, करखात्यातली लाचखोरी बाहेर येत होती, आणि सगळ्यांत वर म्हणजे एप्रिल 1951 मध्ये त्यांनी जनरल मॅकआर्थरला पदावरून काढलं होतं. हा सेनापती दुसऱ्या महायुद्धाचा वीर. तो परत आला तेव्हा त्याच्या मिरवणुकांना रस्ते पुरले नाहीत. त्याचं चुकलं काय होतं? निवडून आलेल्या अध्यक्षाने ठरवलेल्या धोरणाविरुद्ध तो उघड बोलत होता. सैन्य कोणाचं ऐकणार, हा प्रश्न होता. ट्रुमन यांनी उत्तर दिलं आणि शिव्या खाल्ल्या. पुन्हा उभे राहिले नाहीत, पण जानेवारी 1953 पर्यंत, मुदत संपेपर्यंत, रोज कामावर गेले. पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना बरंच वर बसवलं. पण ते बघायची सोय त्या 22 टक्क्यांच्या दिवसांत नव्हती.

निक्सन यांची गोष्ट उलटी. नोव्हेंबर 1972 मध्ये हा माणूस 50 पैकी 49 राज्यं जिंकून आला होता. म्हणजे भरिताला रोज दहा मळ्यांतून बोलावणं. पण त्याच वर्षी जूनमध्ये विरोधी पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतल्या कार्यालयात चोरटे सापडले होते, आणि तो तपास दाबायचं बोलणं निक्सन यांच्याच ऑफिसातल्या टेपवर नोंदलं गेलं होतं. दोन वर्षं ते नाही नाही म्हणत राहिले. 24 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी टेप द्यायला लावल्या, 5 ऑगस्टला ते बोलणं लोकांसमोर आलं, त्यांच्याच पक्षाचे पुढारी येऊन सांगून गेले की आता सिनेटात तुम्हाला वाचवायला मतं नाहीत. 9 ऑगस्टला राजीनामा. परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावे, मजकूर फक्त एका ओळीचा. ते 24 टक्के लोक शंभर झाले असते, तरी त्यांनी जायलाच हवं होतं.

आता तुझं बघ. पाणीपट्टी वाढवणं म्हणजे मॅकआर्थरला घरी पाठवणं नाही, मान्य. पण निर्णयाची जात तीच, शिव्या खायला लावणारी.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण ग्रुपवर बोलणाऱ्यांपैकी कोणी तो वाचलेला दिसत नाही. आपल्या पंतप्रधानामागचं लोकसभेतलं बहुमत गेलं की त्याला जावं लागतं. अमेरिकेच्या अध्यक्षाचं तसं नाही. लोकांनी चार वर्षांसाठी बसवलं की चार वर्षं. महाभियोग आहे, पण तो गुन्ह्यासाठी, नाराजीसाठी नाही. तू लोकनियुक्त सरपंच, सदस्यांनी नाही तर थेट गावाने निवडलेला, म्हणजे तुझी गत अर्धी त्यांच्यासारखी. पहिली दोन वर्षं तुझ्यावर अविश्वास ठराव येऊ शकत नाही. नंतर मंजूर व्हायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. हे कुंपण तुला सुखाने झोपता यावं म्हणून घातलेलं नाही. वसुलीसारखं कडू काम करायला दोन उन्हाळे तरी मिळावेत म्हणून आहे, असं मला वाटतं. कायदा करणाऱ्यांच्या मनात हेच होतं का, ते त्यांना ठाऊक.

वसुली हा शब्द आला म्हणून आता माझी गोष्ट. ही तुला कोणी सांगितली नसेल, कारण मीच फारशी सांगत नाही.

1990 ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी झाल्यावर मी आमच्या गावच्या विका सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, चेअरमन झालो. माफीनंतर गावाची एक पक्की समजूत झाली होती की कर्ज भरतो तो मूर्ख, आज ना उद्या पुन्हा माफ होणार. मार्चअखेर आली की थकबाकीची यादी बघून सोसायटीचा हिशेब ठेवणारा गटसचिव कपाळाला हात लावायचा. मी ठरवलं, वसुली करायची. आधी घरोघर फिरलो, मग 101 चे दाखले, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम 101 खालचे सक्तीच्या वसुलीचे दाखले, काढायला लावले. त्यात माझा सख्खा चुलतभाऊ होता. एका संचालकाने भर पारावर मला 'सावकाराचा मुनीम' म्हटलं. मोटारसायकलची हवा रोज जायची. माझ्या आईला नदीवर धुणं धुताना बायका ऐकवायच्या. आई म्हणाली, "सोडी दे ना भाऊ, गावनं तोंड कोन धरी?" दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.

त्या रात्री मला फार छान झोप लागली. तेच मला अजून खटकतं.

नवा चेअरमन आला, त्याला हार घातले, गुलाल उडाला. त्याने वसुलीऐवजी कागदावर नवं-जुनं केलं. जुनं कर्ज भरलं असं दाखवायचं, त्याच दिवशी नवं उचललं असं दाखवायचं. रुपयाही हलत नाही, सगळे खूश. तीन वर्षांत ते फुगत गेलं आणि सोसायटीला वरून पैसा यायचा बंद झाला. ज्यांनी माझ्या वेळी शिव्या देत का होईना पण वेळेवर भरलं होतं, त्यांनाही पेरणीला कर्ज मिळेना. त्यातले दोघे पुढे सावकाराकडे गेले. एकाची जमीन आज दुसऱ्याच्या नावावर आहे. तो मला भेटला की हसून राम राम करतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यामुळे कोणी मला 'राजीनामा म्हणजे त्याग' असं सांगायला लागला की मी त्याला आधी विचारतो, नंतर ते काम कोणी केलं? तू गेलास तर काढलेल्या मोटारी आठवड्यात परत नळाला लागतील. टाकीखालच्या गल्लीला पाणी मिळेल, शेवटच्या वस्तीला मिळणार नाही. ग्रुपवर शेवटच्या वस्तीतलं कोण आहे? मला वाटतं, कोणीच नाही.

म्हणजे चिकटून बसायचं, असंही मी म्हणत नाही. माझे वडील 1936 च्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला बैलगाडीने गेले होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, पंडित नेहरू अध्यक्ष. तेव्हापासून काँग्रेसचा अध्यक्ष कोण, हा वडिलांना घरचा विषय वाटायचा. सुभाषबाबूंचं ते नेहमी सांगायचे. 1939 साली सुभाषबाबू 1580 विरुद्ध 1377 अशा मतांनी अध्यक्ष झाले. म्हणजे प्रतिनिधींना ते हवेच होते. पण त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव झाला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी, आणि काही केल्या ती जुळेना. एप्रिलच्या शेवटी सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. वडील म्हणायचे, "मतं होती, पण हात नव्हते." तुझ्या बाबतीत हे विचार. सदस्य बैठकीला येतात का? ग्रामसेवक चेकवर सही करतो का, की त्याच्या सहीवाचून तुझी सही महिनोन्महिने एकटीच पडून असते? व्हॉल्व्ह उघडणारा माणूस तुझं ऐकतो का? गाव रुसलंय पण काम चालू आहे, तर थांब. काम थांबलंय आणि तुझ्या नावामुळेच थांबलंय, तर तुझी लोकप्रियता कितीही असो, खुर्ची अडवून धरण्यात अर्थ नाही.

आणि त्या कोलंबोच्या गृहस्थांचं. गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर 2019 मध्ये 52 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले होते. 2021 च्या मे महिन्यात त्यांनी रासायनिक खताची आयात एका फटक्यात बंद केली. तुझ्या-माझ्यासारख्या, युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. भात पडला, शेतकरी रस्त्यावर आला. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, पण तोवर हंगाम गेला होता. मग डॉलर संपले, पेट्रोल संपलं. मे 2022 मध्ये पंतप्रधान असलेला भाऊ गेला, हे राहिले. शेवटी देश सोडून मालदीव, तिथून सिंगापूर, आणि राजीनामा ईमेलने. इथे तुझं तेव्हाचं म्हणणं बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं होतं. लोकांना नकोसे झाले म्हणून नाही, चूक त्यांची होती आणि तिची किंमत दुसरेच भरत होते म्हणून त्यांनी जायला हवं होतं. तेही आधी, स्वतःच्या पायांनी.

तुझी पाणीपट्टी चूक आहे का, हे तुला तपासावं लागेल. मला इथून अमळनेरात बसून सांगता येणार नाही. वाढ किती, वीजबिल किती थकलं होतं, किती नळ कागदावर आणि किती जमिनीत, हे सगळं 26 जानेवारीच्या ग्रामसभेत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही. भाषण करू नको, तुझं भाषण लांबतं. आणि काढलेल्या मोटारींची यादी नावानिशी वाच. तुझ्या काकांची मोटार त्यात आहे ना? नसेल तर सभेआधी काढ. काकू बोलायची बंद होईल, होऊ दे.

अजून एक. 23 ऑगस्ट 1864 ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एक कागद लिहिला. उत्तर-दक्षिण राज्यांतलं यादवी युद्ध संपत नव्हतं, स्वपक्षातलेच म्हणत होते की याला बदला, आणि आपण नोव्हेंबरात हरणार अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी लिहिलं की हरलो तर नव्या अध्यक्षाशी मिळून, तो शपथ घेईपर्यंतच्या दिवसांत, देश वाचवायचं काम करीन. कागद दुमडला आणि मंत्र्यांकडून न वाचता मागच्या बाजूला सह्या घेतल्या. दहा दिवसांत दक्षिणेकडच्यांचं अटलांटा शहर पडलं, वारं फिरलं, ते निवडून आले. ते निवडून आले म्हणून मी हे सांगत नाही, तो कागद मला आवडतो म्हणून सांगतो. आपण जाणार हे धरून चालायचं आणि उरलेल्या दिवसांत काय करायचं ते लिहून ठेवायचं. तूही लिही. काय झालं तर मी जाईन आणि तोवर काय करीन, एवढंच. मला वाचायला देऊ नको. मी मागे सही करून ठेवतो.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र मेसेजवर न लिहिता कागदावर लिहिलं, ते. मागच्या सोमवारी बाजारात एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की नव्या पाइपलाइनचं काम ज्याच्या नावावर आहे, तो नुसता नावाचा आहे, पैसा तुझ्या मेहुण्याचा आहे आणि त्यात तुझीही पाती आहे. तुला न आवडणारा माणूस आहे तो, आणि बाजारातलं बोलणं बाजारातच सोडावं हे मलाही कळतं. पण तुझ्या मेसेजमध्ये पाणीपट्टी होती, मोटारी होत्या, भरीत होतं, पाइपलाइनचा शब्द नव्हता. पंचायतीच्या कामात सरपंचाचा स्वतःचा, सरळ किंवा आडून, हिस्सा असेल तर कायदा त्याला अपात्र ठरवतो, हे तुला ठाऊक आहे. बाजारातलं ते खरं असेल तर वरची सगळी पानं तुझ्यासाठी नाहीत. मग पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे अर्ज लिही, अर्धा कागद पुरेल, आणि गावाला तोंडाने सांग.

खोटं असेल तर रविवारी माझ्या मळ्यात ये. बामणोदची वांगी मागवून ठेवतो, भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्याच आहेत. तू कळण्याच्या भाकरी आण.

दोन्हीपैकी काय ते आज रात्रीच कळव. फोन करू नको, लिहून पाठव.

तुझा
नाना