दीड वर्षाचं शिंगरू खेळता खेळता चावतं, अंगावर येतं. त्याचा विश्वास कसा मिळवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी जातीचं नर शिंगरू आणलंय, वय दीड वर्ष. ते बाही ओढतं, खांद्याला चावतं, सोडलं की भोवती उधळून दुगाण्या झाडतं. मारलं तर आता हात वर झाला तरी मान झटकतं, लाड केले तर पुन्हा अंगावर येतं.

ते तुमच्यावर रागावलेलं नाही. नर शिंगरं एकमेकांशी अशीच खेळतात: गालाला, मानेला, पुढच्या गुडघ्याला चावायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं, पळायचं आणि फिरून परत यायचं. तुमच्याकडे दुसरं शिंगरू नाही, म्हणून तुम्हीच त्याचे सवंगडी झालात. कान पुढे आणि अंग सैल असेल तर खेळ; कान मानेला चिकटलेले, नाकपुड्या आक्रसलेल्या, शेपटीचे फटके चालू असतील तर राग. मारवाडीचे आत वळलेले कान लांबूनही वाचता येतात, तेवढी सवय लावून घ्या.

शिकवण्याआधी त्याचा दिवस बघा. बावीस तास दाव्याला बांधलेलं आणि वर हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाल्लेलं शिंगरू कोणाच्याच हाताखाली शांत उभं राहणार नाही. रोज किमान पाच-सहा तास मोकळं सोडा. २५० किलोच्या शिंगराला दिवसाला पाच किलोच्या आसपास सुका चारा लागतो. पोट त्याने भरा, चंदी बेताची ठेवा. सोबतीला शांत, वयस्क, खच्ची केलेला घोडा मिळाला तर उत्तम. चावणं कुठे थांबवायचं हे तो तुमच्यापेक्षा लवकर शिकवेल. घोडी मात्र सोबत सोडू नका, या वयाचा नर तिला गाभण करू शकतो. पैदाशीसाठी ठेवणार नसाल तर खच्ची करण्याबद्दल पशुवैद्यांशी आत्ताच बोला.

आता काम. सुती मोरखी, म्हणजे तोंडावर चढवायचा पट्टा, घ्या. नाकावरचा पट्टा गालाच्या हाडाच्या दोन बोटं खाली आणि आत दोन बोटं जातील इतका सैल. दोरी जाड सुताची, बारा फूट. ती हाताला गुंडाळायची नाही, उरलेली दोरी घड्या घालून मुठीत धरायची. शिंगरू उधळलं तर गुंडाळलेल्या दोरीत बोटं जातात. दिवसातून दोनदा, दहा ते पंधरा मिनिटं. त्यापुढे त्याचं लक्ष टिकत नाही आणि आपलाही धीर सुटतो.

सगळ्याचा पाया एकच आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. मागे सरकवून बघा. समोर पण जरा बाजूला उभे राहा, कारण कपाळाच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही. दोरी मोरखीजवळ धरून नाकाकडून छातीच्या दिशेने हलकासा दाब द्या आणि तसाच धरून ठेवा. पहिल्यांदा ते मान वर करेल, पाय रोवेल. दाब वाढवू नका, सोडूही नका. एक पुढचा पाय मागे गेला, अगदी चार बोटं जरी, की लगेच दाब सोडा आणि पाच-सहा सेकंद काहीही करू नका. ते ओठ चाटतं, डोकं खाली घेतं, मोठा श्वास सोडतं. मग पुन्हा. दोन-तीन दिवसांत बोट टेकवल्यावर ते दोन पावलं मागे जायला लागेल. बहुतेकांची चूक इथेच होते: शिंगराने झटका दिला की हात सुटतो, मग झटका दिला की सुटका होते एवढंच ते शिकतं.

चावण्यावर हाच उपाय. तोंडावर थप्पड मारू नका. चुकली तर त्याला खेळ वाटतो, लागली तर ते डोक्याजवळ हातच येऊ देत नाही. तुमचं शिंगरू मान झटकतंय ते यामुळेच. तुमच्याभोवती हात लांब केल्यावर होतं तेवढं अंतर तुमचं माना. नाक त्या अंतरात आलं की त्याच क्षणी, दात लागायची वाट न बघता, चार-पाच पावलं ठामपणे मागे न्या आणि लगेच शांत व्हा. आरडाओरडा नको, रुसवा नको. एका सेकंदापेक्षा उशीर झाला तर सोडून द्या, त्याला कारण कळणार नाही. हातातून गूळ-गाजर देणं पूर्ण बंद, खाऊ घमेल्यात. नाक-ओठ कुरवाळणंही बंद, घरच्या सगळ्यांनी.

लाड करायचे तर योग्य जागी. आयाळ संपते तिथे, मान आणि पाठ मिळते त्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे बोटांच्या पेरांनी जोरात, सावकाश खाजवा. तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात. जागा बरोबर लागली की वरचा ओठ लांब होऊन थरथरतो. त्या वेळी ते मान वळवून तुम्हालाही खाजवायला बघेल. प्रेमच आहे, पण दातांचं. कोपराने नाक अलगद सरळ करा, खाजवणं चालू ठेवा. रोजचा खरारा याच जागेपासून सुरू करा.

पाय उचलणं नालबंद यायच्या आधी शिकवा. खांद्यापासून हात सरकवत खाली आणा, नळीच्या मागच्या शिरा हलक्या दाबा, वजन दुसऱ्या पायावर जाऊ द्या. खूर उचलला की दोन सेकंदांत, त्याने ओढायच्या आत, स्वतःहून खाली ठेवा. मग पाच, दहा, तीस सेकंद. मागच्या पायांना पुठ्ठ्याला खेटून उभं राहून सुरुवात करा; दोन फूट लांब उभे राहिलात तर लाथ पूर्ण जोराने बसते.

भीतीच्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ खताची प्लास्टिक गोणी, ती घेऊन त्याच्यापासून दूर चालायला लागा आणि त्याला मागून येऊ द्या. लांब जाणाऱ्या वस्तूचं घोड्याला सहसा भय वाटत नाही, कुतूहल वाटतं. नंतर थांबून गोणी हलवा, आणि ते थांबेल तेव्हा हलवणं थांबवा, उडी मारेल तेव्हा नाही.

काही लोक या वयातच त्याला नाचवायला, वरातीत न्यायला सांगतील, काटेरी लगामही सुचवतील. काटेरी लगामाला प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तोंडात जखम झालेला घोडा माणसाच्या हाताची भीती फार काळ बाळगतो. लहान वर्तुळात तासभर दोरीवर पळवणंही टाळा, गुडघ्याजवळच्या हाडांची वाढीची टोकं साधारण अडीच वर्षांपर्यंत जुळत नाहीत आणि पाठीचे मणके त्याहून बरेच उशिरा. दमवून शांत करण्यापेक्षा त्याला दोरीवर शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, ट्रॅक्टरजवळून चालवत न्या. ते बिचकलं तर थांबा, बघू द्या, मान खाली आली की पुढे. वजन पाठीवर तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नको. तोवर घडी घातलेली घोंगडी पाठीवर ठेवायची, काढायची, दोन्ही बाजूंनी, कारण डावीकडून बघितलेली वस्तू त्याला उजवीकडून नवी वाटू शकते.